जुनी चांदमारी सपाट करून मुलांसाठी मैदान करतायत. माती आणि विहीर, भीती कशाची धरायची?

सड्याखालची

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पंचायतीत आमचीच माणसं आहेत. मला भांडण नको, उत्तर हवं आहे.

आमच्या घरामागून सडा चढून गेलं की एक जुनी चांदमारी लागते. पोर्तुगीज होते तेव्हा तिथे त्यांच्या शिपायांची चौकी होती असं जुनी माणसं सांगतात. १९६१ नंतरही बरीच वर्षं तिथे गोळीबाराचा सराव चालायचा. मी लग्न होऊन २००९ साली या गावात आले, तेव्हा तो कधीचाच बंद पडला होता. आता चिऱ्यांचे पाच ओटे आहेत, छप्पर उडालेली एक खोली आहे आणि पलीकडच्या टोकाला दोन पुरुष उंचीचा मातीचा टेंब. गोळ्या त्या टेंबात रुतायच्या.

पंचायतीने तिथे मुलांसाठी मैदान करायचं ठरवलंय. जेसीबी लावून टेंब पाडायचा, त्याच मातीने खड्डे बुजवायचे आणि वर रोलर फिरवायचा. ग्रामसभा पंधरा दिवसांवर आली आहे. मैदान आम्हाला हवंच आहे, गावात पोरांना खेळायला वीतभर सपाट जागा नाही. पण माझ्या मनातली धाकधूक जात नाही.

टेंबाच्या खाली, दीडेकशे मीटरवर आमची विहीर आहे. पावसात टेंबावरून लाल पाण्याचा ओहोळ येतो, तो विहिरीच्या कठड्याला वळसा घालून खालच्या मळ्यात उतरतो. मळ्यात आम्ही पावसाळ्यात भात आणि मग तांबडी भाजी, मुळा करतो. दुसरं म्हणजे माझा मुलगा. सहा वर्षांचा आहे. पहिला पाऊस झाला की टेंबाची माती धुपते आणि गोळ्या वर येतात, मग वाडीतली सगळी पोरं गोळ्या वेचायला धावतात. त्याच्याकडे एक बरणी भरून आहेत. परवा मी ती ओतून बघितली. काही गोळ्या अख्ख्या, तांब्याला चढते तशी हिरवी बुरशी चढलेल्या. काही फुलासारख्या फाटलेल्या. आणि फाटलेल्या जागी पांढरी भुकटी, रांगोळीसारखी, बोटाला लागणारी.

नवरा म्हणतो, मातीची तपासणी झाली आहे, कार्डावर सगळं ठीक आहे. ते कार्ड खालच्या मळ्याचं आहे, तीन वर्षांपूर्वीचं. ते चालेल का? आणि विहिरीचं पाणी कुठे तपासून मिळेल? कुणाला माहीत असेल तर सांगा.

पेडण्याचा पोर

ताई, आमच्याकडे पण अशी जागा होती. आम्ही तिथेच क्रिकेट खेळून मोठे झालो, कुणाला काही झालं नाही. गावात मैदान व्हायला वीस वर्षं लागतात. एकदा काम थांबलं की परत पैसे येत नाहीत. पाणी तपासा आणि मैदान होऊ द्या.

निवृत्त सुभेदार

वहिनी, मी फौजेत २४ वर्षं काढली, चांदमारीवर उभं राहण्यात त्यातली बरीच गेली. तुमच्या मुलाच्या बरणीबद्दल आधी सांगतो.

त्या टेंबाला आम्ही बट म्हणतो. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीची गोळी साधारण ११ ग्रॅमची, नंतरच्या एसएलआरची ९ ग्रॅमच्या आसपास. वरून तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच, पोटात शिसं आणि ते कडक व्हावं म्हणून थोडा अँटिमनी नावाचा धातू. हिरवं दिसतं ते तांबं आणि फाटलेल्या गोळीतली पांढरी भुकटी म्हणजे शिशाचा गंज. दहा हजार थ्री-नॉट-थ्री गोळ्या म्हणजे एक क्विंटलच्या वर धातू, आणि दहा हजार गोळ्या म्हणजे एखाद्या पलटणीच्या दृष्टीने काहीच नाही. सगळा माल त्या बटच्या मधल्या पट्ट्यात, निशाणाच्या पाठीमागे बसलेला असतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिथे फक्त रायफली चालल्या की हातबॉम्बही फेकले गेले, हे गावात कुणालाच नक्की ठाऊक नसेल. लहान अननसासारखी खाचा पाडलेली लोखंडी वस्तू, मागे पंख असलेली नळी, कडी लावलेला गोळा, असं काही दिसलं तर उचलायचं नाही, लाथ मारायची नाही, बरणीत तर नाहीच नाही. जागेवर खूण करा, पोरांना लांब न्या, ११२ ला फोन लावा. पोलीस बॉम्ब पथक बोलावतात. आणि हे बघितल्याशिवाय जेसीबीवाल्याला आत सोडू नका, त्याच्याही घरी पोरं असतील.

कुळागर

ताई, मी फोंड्याचा. सतरा वर्षं दूषित जमिनींच्या तपासणीचं काम केलं, बहुतेक गुजरातेत, कारखान्यांच्या जागांवर. आता घरी असतो, सुपारी बघतो. तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारलंय विहिरीबद्दल. पाणी जरूर तपासा, पण माझी काळजी विहिरीपासून सुरू होत नाही. कोणत्याही जागेवर गेलो की आम्ही आधी एक साखळी जुळते का ते बघायचो. विष कुठे आहे, ते कशातून सरकतं, माणूस त्याला कुठे भेटतो, ते अंगात शिरतं कसं, आणि तो माणूस कोण. पाचही कड्या जुळल्या तर धोका खरा. एक कडी तोडली तर विष तिथेच पडलेलं असूनही माणूस वाचतो.

आता तुमची जागा घ्या. शिसं पाण्यात सहजासहजी विरघळून खाली जात नाही. आपल्या जांभ्याच्या मातीत लोह भरपूर, आणि लोहाचा गंज शिशाला धरून ठेवतो. त्यामुळे बहुतेक शिसं वरच्या वीतभर मातीतच अडकतं. दीडशे मीटर खालच्या विहिरीत ते झऱ्यावाटे झिरपत येण्यापेक्षा पावसाच्या लाल पाण्यातून, मातीच्या कणांवर बसून येण्याची शक्यता जास्त. म्हणून विहिरीचा कठडा उंच करा, ओहोळ लांबून वळवा. सुभेदार म्हणतात तसे हातबॉम्ब किंवा तोफगोळे वापरले असतील तर मात्र गणित बदलतं. त्यांतलं आरडीएक्स हे स्फोटक मातीला चिकटत नाही, ते पावसाबरोबर सरळ भूजलात उतरतं. अमेरिकेत केप कॉडच्या लष्करी तळाखाली हेच झालं, तिथल्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात ते पोचलं आणि १९९७ मध्ये तिथला सराव थांबवावा लागला. त्यामुळे पहिलं काम इतिहासाचं. गावातल्या ऐंशीच्या पुढच्या चार माणसांना भेटा आणि विचारा: आवाज कसा यायचा, एकेक की दणका? तिथे गाड्या धुवायचे का? तेलाची पिंपं होती का? कचरा जाळायचा खड्डा कुठे होता? हे प्रश्न मी उगाच विचारत नाही. अमेरिकेतल्या कँप लेज्यून या तळावर गोळ्यांचा काही संबंध नव्हता. यंत्रांचं ग्रीस काढायचं द्रावण आणि गाड्यांचं इंधन जमिनीत मुरलं, बाहेरच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचं द्रावणही विहिरींत गेलं, आणि १९५३ ते १९८७ अशी चौतीस वर्षं सैनिकांची बायका-मुलं नळाचं ते पाणी प्यायली.

आता मुलाकडे येतो. सहा वर्षांखालचं मूल खेळताना दिवसाला सुमारे २०० मिलिग्रॅम माती पोटात घेतं असं आम्ही हिशेबाला धरायचो. ते मुद्दाम माती खात नाही. हात तोंडात जातो, लाडू खाली पडला की उचलून खातं, एवढंच. चिमूटभरसुद्धा नाही. समजा टेंबाच्या पायथ्याच्या मातीत किलोला १००० मिलिग्रॅम शिसं आहे. चांदमारीच्या बटला हा आकडा काहीच मोठा नाही, यापेक्षा कितीतरी पट निघतं. तर त्या २०० मिलिग्रॅम मातीतून पोटात गेलं २०० मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याला आपल्या देशाच्या मानकात शिशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेवरचं पाणी त्या पोराने दिवसाला वीस लिटर प्यायल्यासारखं. मातीतलं शिसं पाण्यातल्यापेक्षा कमी अंगी लागतं हे धरून सूट दिली तरी बारा लिटर राहतातच. म्हणून म्हणतो, विहिरीच्या आधी हात बघा.

आता जेसीबी. आज शिसं एका टेंबात, दहा-पंधरा मीटरच्या पट्ट्यात गोळा होऊन बसलंय. ती माती पसरून मैदान केलं की प्रत्येक मुलाच्या पायाखाली, गुडघ्याला, नखात तीच माती. मार्च-एप्रिलमध्ये सड्यावर वारा सुटला की धूळ घराघरात. जे दोन माणसांनी कुंपण घालून आटोक्यात आलं असतं, ते पुढे कुणाच्या बापाला गोळा करता येणार नाही. वॉशिंग्टन शहरात स्प्रिंग व्हॅली म्हणून चांगल्या वस्तीचा भाग आहे. पहिल्या महायुद्धात तिथे विषारी वायूंच्या चाचण्या व्हायच्या. युद्ध संपलं, माती लोटली, बंगले उठले. १९९३ मध्ये चर खणताना कामगारांना जुने तोफगोळे लागले, आणि मग अंगणांच्या मातीत आर्सेनिक निघालं. पंचाहत्तर वर्षं लोक त्यावर बागा करत होते. ग्रामसभेत दुसरं काही बोलला नाहीत तरी चालेल, पण टेंब फोडू देऊ नका, एवढं नक्की मांडा.

आता त्या कार्डाबद्दल. मृदा आरोग्य कार्डावर बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. त्यात शिसं नाहीच. ते कार्ड भाताला खत किती घालायचं हे सांगायला आहे आणि त्या कामाला उत्तम आहे. पण 'कार्ड ठीक आहे' म्हणजे 'शिसं नाही' असा अर्थ निघत नाही. प्रयोगशाळेला स्पष्ट सांगा: आम्लात विरघळवून एकूण शिसं मोजून द्या, जमलं तर अँटिमनी, तांबं आणि आर्सेनिकही.

नमुना घेताना खोल खणू नका. मूल हात लावतं ती वरची दोन-तीन सेंटिमीटर माती घ्या. आणि एका चिमटीवर निकाल लावू नका. गोळीचा तुकडा आला तर आकडा आभाळाला, नाही आला तर सगळं आलबेल. टेंबाच्या पायथ्याच्या पट्ट्यातून तीसेक ठिकाणची थोडी थोडी माती एकत्र करून एक नमुना करा. ओट्यांजवळचा वेगळा, ओहोळाच्या काठचा वेगळा, मळ्याचा वेगळा, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, कशाचाही संबंध नसलेल्या जागेचा एक, तुलनेला. माती बारीक चाळणीतून चाळून तपासायला सांगा, कारण हाताला चिकटते ती पिठासारखी बारीक माती, खडे नाहीत. आकडा आला की कशाशी ताडायचा? अमेरिकेत घराच्या अंगणासाठी पूर्वी किलोला ४०० मिलिग्रॅमपर्यंत शिसं चालतं म्हणायचे, २०२४ मध्ये त्यांनी ती रेषा २०० वर आणली. मी मुलांच्या मैदानासाठी २०० च धरेन.

तांबडी भाजीचं: मुळं शिसं थोडंफार ओढतात, पण पालेभाजीला खरा त्रास पावसाच्या शिंतोड्यांनी पानावर बसलेल्या मातीचा असतो. तीन पाण्यांत धुवा, ओहोळाच्या काठचे वाफे यंदा सोडून द्या. टेंबावर पावसाळ्यात अळंबी येत असेल तर ती काढू नका. अळंबीच्या काही जाती जमिनीतले धातू फार ओढून घेतात.

पेडण्याच्या भावाला: तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही, मैदान हवंच. पण शिशाचा त्रास दिसत नाही हीच त्याची वाईट गोष्ट आहे. पोर पिवळं पडत नाही, तापत नाही. थोडं चिडचिडं होतं, लक्ष लागत नाही, पाढे उशिरा पाठ होतात, आणि आपण म्हणतो 'अभ्यासात नाही त्याचं डोकं'. आपल्या देशात २००० सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिसं होतं. आपल्या सगळ्यांच्या हाडांत थोडं असेल. म्हणून पुढच्या पिढीला ते चालतं असं नाही.

ताई, एक विचारू? गोळ्या फक्त मुलंच वेचतात का?

सड्याखालची

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून हातपाय गार पडले.

नाही. मोठेही वेचतात. माझे सासरे पागेर, म्हणजे फेकायचं मासेमारीचं जाळं, टाकायला जातात, ओढ्यावर आणि खाली खाडीला. पागेराच्या घेराला शिशाचे मणी लागतात. विकतचे महाग, म्हणून ते टेंबातल्या गोळ्या आणतात. पडवीच्या टोकाला तीन चिऱ्यांची चूल आहे, आंघोळीचं पाणी तिथेच तापतं. त्या चुलीवर लोखंडी पळीत गोळ्या टाकायच्या, शिसं वितळलं की तांब्याची टरफलं वर तरंगतात, ती काटकीने बाजूला करायची, आणि वर आलेली राखाडी साय झटकून टाकायची. मग पातळ शिसं मातीच्या साच्यात. मी हे दरवर्षी बघते. माझा मुलगा आजोबांच्या मांडीला टेकून बसून बघतो, त्याला ते चांदीसारखं चमकलेलं फार आवडतं. साय झटकतात ती तिथेच, पडवीत. मी रोज सकाळी केरसुणीने ती पडवी झाडते. माझी जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे, ती तिथेच भाजी निवडायला बसते.

इतक्या वर्षांत मला कधी वाटलंच नाही की हे काही आहे. मी विहिरीकडे बघत बसले होते.

कुळागर

ताई, दोष कुणाचाच नाही. शिसं स्वस्त आणि पटकन वितळणारं, म्हणून जगभरचे कोळी हेच करत आले आहेत.

व्हिएतनाममधली एक गोष्ट सांगतो. दा नांगच्या विमानतळावर अमेरिकी सैन्य झाडांची पानं गाळणारं औषध साठवायचं, विमानांत भरायचं. त्यात डायॉक्सिन नावाचं जहाल विष होतं. युद्ध संपून तीस-पस्तीस वर्षं झाल्यावर मोजणी झाली, तेव्हा सगळ्यात जास्त डायॉक्सिन निघालं ते तळाजवळच्या तळ्यात मासे धरणाऱ्या आणि कमळं काढणाऱ्या लोकांच्या रक्तात. डायॉक्सिन पाण्यात फारसं विरघळत नाही, ते चिखलात बसतं, चिखलातून माशाच्या चरबीत जातं आणि माशातून माणसात. नुसतं पाणी तपासून 'पाणी ठीक आहे' म्हटलं असतं तर ती माणसं कुणाला दिसलीच नसती. तळ्यातली मासेमारी बंद केली तेव्हा साखळी तुटली. माती साफ व्हायला पुढे २०१२ ते २०१८ लागली, नव्वद हजार घनमीटर माती आणि गाळ ३३५ अंशांच्या वर तापवून. तुम्हाला इतकं काही करायचं नाही. तुमची मुख्य कडी पडवीत आहे आणि ती आज संध्याकाळी तुटू शकते.

चूल बंद. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, लाकडाच्या आचेवर पळी त्याच्या बरीच वर जाते आणि मग धूरही निघतो. पण धुरापेक्षा ती राखाडी साय वाईट. ती शिशाचा गंजच आहे, पिठासारखी, आणि झटकली की जमिनीवर बसते. केरसुणी आजपासून पडवीत नको, कोरडं झाडलं की ती पुन्हा हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसा, साबणाच्या पाण्याने, दोन-तीनदा. फडकं धुऊन वापरू नका, पिशवीत बांधून ठेवा. पडवी शेणाने सारवलेली असेल तर वरचा थर भिजवून, खरवडून काढावा लागेल आणि नवीन सारवण घालावं लागेल. हे काम गरोदर बाईने करायचं नाही आणि मुलगा तेव्हा घरात नको. चुलीची राख परसात किंवा भाजीला घालू नका. आपल्याकडे राखेने भांडी घासतात, तुम्ही घासत असाल तर ते आधी थांबवा.

तुमच्या जाऊबाईंचं म्हणून सांगतो: शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठतं आणि गरोदरपणात हाडांतला चुना सुटतो तसं तेही रक्तात उतरतं, बाळापर्यंत जातं. घाबरवण्यासाठी नाही सांगत. डॉक्टरांना हे आपणहून सांगा, ते विचारणार नाहीत.

बाळांची डॉक्टर

मी लहान मुलांची डॉक्टर आहे, गोव्यातच. वरच्या काकांनी जवळजवळ सगळं सांगितलं, मी रक्ताबद्दल लिहिते.

ताई, घरातल्या सगळ्यांचं रक्तातलं शिसं तपासून घ्या: मुलगा, जाऊबाई, सासरे, तुम्ही. शिरेतून रक्त घ्यायला सांगा. बोटाला टोचून घेतलं तर हाताला लागलेल्या शिशाने आकडा खोटा वाढतो. तपासणी सगळीकडे होत नाही, नमुना बाहेर पाठवतात, चार-पाच दिवस लागतात. शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं की ते कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. मुलांना शिसं बाहेर काढायची औषधं साधारण ४५ च्या पुढे देतात. त्याच्या खाली औषध म्हणजे तुम्ही आता करताय तेच, येण्याची वाट बंद करणं. गावठी औषध, काढा, भस्म कृपा करून देऊ नका. काही भस्मांत शिसंच असतं.

मुलाचं हिमोग्लोबिनही बघा. लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं, उपाशीपोटीही तसंच. खेळायला जाण्याआधी पोटात काही असू द्या. नाचणीची आंबील, मासळी, तांबडी भाजी चालू ठेवा, फक्त भाजी दुसऱ्या मळ्याची.

निवृत्त सुभेदार

वहिनी, बरणीचं काय केलंत?

सड्याखालची

लगेच लिहायचं होतं, तीन आठवडे गेले. माफ करा.

बरणी झाकण घट्ट लावून, पिशवीत घालून माळ्यावर ठेवली आहे. मुलगा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. सुभेदारकाका, तुमच्या सांगण्यावरून मी ती नीट बघितली, गोळ्यांशिवाय काही नव्हतं.

रक्ताचे आकडे आले. मुलाचं ८.४. जाऊचं ४.१. माझं ६. सासऱ्यांचं ३१. डॉक्टरांनी सासऱ्यांना पोटाचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, दुखतं अधूनमधून, बद्धकोष्ठ आहे, सात-आठ वर्षं. आम्ही सगळे ते वयामुळे म्हणत होतो. ते त्या रात्री जेवले नाहीत. 'माझ्यामुळे पोराच्या अंगात गेलं' एवढंच म्हणत होते. सकाळी उठून त्यांनी स्वतः चुलीचे तिन्ही चिरे हलवले. मी त्यांच्या हातात ओलं फडकं दिलं आणि तोंडाला बांधायला पंचा. पडवी आम्ही चारदा पुसली, मग जमीन भिजवून खरवडली, ती माती गोणीत भरून शिवून ठेवली.

ग्रामसभेत मी पहिल्यांदा उभी राहिले. माझा आवाज कापत होता. सगळ्यात आधी मी बरणी टेबलावर ठेवली आणि मग सांगितलं. एकजण म्हणाला, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं. त्याला सासरेच उठून म्हणाले, 'आमच्या वेळी होतं, आम्हाला ठाऊक नव्हतं.' जेसीबी थांबला आहे. सरपंचांनी एक-चौदाचा उतारा काढायला सांगितलाय, जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघायला, आणि टेंबाभोवती तात्पुरतं कुंपण घालायचं ठरलं. मैदान खालच्या बाजूला, ओट्यांच्या अलीकडे होऊ शकेल का याचा विचार चालू आहे. मातीचे पाच नमुने आम्ही पाठवले आहेत, तुम्ही सांगितलं तसे. आता पुढे कुणाकडे जायचं? आणि सासऱ्यांचा एक प्रश्न आहे. पागेराला लागलेले मणी आहेत त्याचं काय करायचं? तो पागेर त्यांनी दोन पावसाळे बसून विणलाय.

कुळागर

ताई, तुमचे सासरे सभेत बोलले ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

पुढचं असं. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यात संशयित जागा कळवायचं काम पंचायत-पालिका किंवा जिल्हा प्रशासनाचं आहे, आणि कळवल्यावर राज्याच्या प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आहे. म्हणून एकट्या तुम्ही अर्ज करू नका, पंचायतीच्या ठरावासह जाऊ द्या. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक साळगावला मंडळाच्या कार्यालयात, पोच घेऊन. मातीचे आणि पाण्याचे निकाल जोडा. रक्ताचे आकडे नावाशिवाय जोडा, गावात नाव फिरायला नको. जमीन संरक्षण खात्याच्या नावावर निघाली तर तिथे कोणता सराव, कधीपासून कधीपर्यंत झाला हे माहितीच्या अधिकारात विचारा. तिथेच शिसं की आणखी काही, याचं उत्तर मिळेल.

मैदान ओट्यांच्या अलीकडे करायचं तर आधी तिथल्या मातीचा निकाल येऊ द्या. ओट्यांवर बंदुकीचा धूर बसतो, त्यातही थोडं शिसं असतं, पण टेंबाच्या मानाने फार कमी. टेंबाचं पुढे काय करायचं ते मंडळ ठरवेल. कधी जागेवरच झाकतात, कधी माती चाळून गोळ्या वेगळ्या काढतात आणि शिसं कारखान्यात जातं. तोवर त्यावरचं गवत काढू नका, गवताची मुळं माती धरून ठेवतात. पायथ्याला चिऱ्यांचा एक बुटका बांध घाला म्हणजे येत्या पावसाची माती तिथेच अडेल.

आता पागेर. टाकून देऊ नका. पाण्यात पडलेल्या मण्यापासून धोका मला फारसा वाटत नाही. धोका हातातून तोंडात जाण्याचा. जाळं टाकून आलं की हात साबणाने धुतल्याशिवाय विडी नाही, पान नाही. पागेर घरात, खाटेखाली ठेवू नका, बाहेर खुंटीला टांगा, मुलाच्या हाताला न येईल असा. पुढचे मणी विकत घ्या, वर्गणी काढायची तर मी देतो. आणि त्यांना एक विचारा: मणी दोरीला आवळताना दाताने चेपतात का?

सड्याखालची

विचारलं. चेपतात. पागेर टाकतानाही एक मणी दातात धरूनच फेकतात, खांद्यावरचा घेर सुटू नये म्हणून. लहानपणापासून, त्यांच्या वडिलांनी शिकवलं तसं. आता पकड आणली आहे. दातात धरायच्या जागेचे चार मणी काढून तिथे सुताची गाठ मारलीय, ती दातात धरून काल ओढ्यावर दोनदा टाकून बघितलं. घेर नीट पडतो म्हणाले.

मुलाची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. मातीचे निकाल आले की इथेच लिहीन.